कलम दोनवरची पट्टी

भटवाडी, घाटकोपर
२० ऑक्टोबर १९८५

ती. काकांस,

सुनंदाचा नमस्कार. कोकमं आणि कुळथाचं पीठ पोचलं. आई म्हणते पिठात खडे होते. खडेबिडे काही नव्हते, पण दिराकडून आलेल्या वस्तूला नाव ठेवल्याशिवाय ती तिला गोड लागत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

पत्र मात्र पिठासाठी नाही, मंडळासाठी आहे. काल जयवंत घरी आला होता. चिटणीस झाल्यापासून शर्टाच्या खिशाला दोन पेनं लावतो. आला आपल्याकडे ठेवलेली मंडळाची भांडी न्यायला, आणि जाता जाता म्हणाला, ''सुनंदा, सव्वीस जानेवारीच्या सभेत एक ठराव आणतोय. संपानंतर जे बिऱ्हाड मोडून गावाला गेले ना, त्या घरांचं मत बंद. येत नाहीत, जात नाहीत, दर वेळी त्यांच्या पत्रांची वाट बघत बसायचं. वाट लागते यार सभेची.''

पंधरा घरं आहेत अशी, आणि त्यांत तुमचं एक आहे. काका, बाविसाव्या वर्षी आंबेखोल ग्रामस्थ मंडळ तुम्ही उभं केलंत. पन्नास साली, देशाची घटना लागू झाली त्याच दिवशी, गिरणीला सुट्टी होती म्हणून खोलीत बसून मंडळाची घटना तुम्ही स्वतःच्या हाताने लिहिलीत. लहानपणी ही गोष्ट मी तुमच्या मांडीवर बसून इतक्यांदा ऐकली आहे की तुम्ही चुकलात तर मी दुरुस्त करीन. आणि आता त्याच मंडळात तुमचं मत नाही?

मी जयवंतला सांगितलं, असं करता येणार नाही. तो म्हणाला, ''घटनेतच लिहिलंय, दोन तृतीयांश हात वर झाले की कुठलंही कलम बदलतं.'' यावर मी त्याला मृणालिनीबाईंच्या ऑफिसातलं शहाणपण ऐकवलं. काका, चार वर्षं त्यांच्याकडे कोर्टाचे निकाल टाईप करून माझी बोटं वकील झाली आहेत, डोकं सकाळच्या लॉ कॉलेजात व्हायचं आहे. त्र्याहत्तर साली दिल्लीत तेरा न्यायमूर्ती बसले होते. सात एका बाजूला, सहा दुसऱ्या. सातांनी म्हटलं, संसदेने घटना हवी तशी दुरुस्त करावी, पण तिचा पाया उखडू नये. मग आणीबाणीत बहुमतवाल्यांनी घटनेतच घालून टाकलं की आमच्या दुरुस्तीवर कुठल्याही कोर्टाने बोट ठेवायचं नाही. ऐंशी साली कोर्टाने तेसुद्धा रद्द केलं. तसाच 'घरटी एक मत' हा आपल्या मंडळाचा पाया आहे. घर आंबेखोलला असो की घाटकोपरला.

जयवंत चहा संपवून म्हणाला, ''झकास बोलतेस. पण तुला मत नाही ना.''

काय करू ते कळवा. आईचे गुडघे बरे आहेत.

तुमची सुनंदा

*

आंबेखोल, जि. सिंधुदुर्ग
३ नोव्हेंबर १९८५

चि. सुनंदास,

काकाचे भरपूर आशीर्वाद. वहिनीला सांग, पुढच्या वेळी खडे वेगळे बांधून पाठवीन, म्हणजे शोधायला नकोत.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा माझा कैवार घेतलास म्हणून छाती फुगली, दुसऱ्यांदा जरा विचार केला. बाळ, जयवंत वाईट पोरगा नाही. रविवारची सुट्टी मोडून तो मंडळाचं काम करतो आणि आम्ही इथे ओटीवर बसून पोस्टकार्डावर 'हो' नाहीतर 'नाही' लिहितो. त्याच्या जागी मी असतो तर मीही वैतागलो असतो.

आणि तुझ्या कोर्टाचं म्हणशील तर माझाही एक प्रश्न आहे. आणीबाणीत गिरणीतल्या आमच्या खात्यातला युनियनचा एक माणूस उचलून नेला होता. तेव्हा याच मोठ्या कोर्टात पाच जण बसले, आणि चौघांनी सांगितलं की धरलेल्या माणसाला आत्ता कोर्टाचं दार ठोठावता येणार नाही. एकच जण 'नाही' म्हणाला. मग ते सरळ केलं कोणी? सत्याहत्तर साली लोकांनी केलं, मतपेटीत. म्हणजे कधी बहुमत घसरतं तेव्हा कोर्ट हात देतं, कधी कोर्ट घसरतं तेव्हा माणसं. पंच झाला म्हणून माणूस देव होत नाही. मी पंच होतो, मला माहीत आहे.

सातांविरुद्ध सहा म्हणजे एका माणसाचाच फरक म्हणायचा. एका हाताने काय काय होतं ते मी आपल्या मंडळातच पाहिलं आहे. असो.

माझं मत गेलं तर जाऊ दे. तू अभ्यास कर. शेजारच्या रत्नप्रभेच्या गाईला पाडा झालाय.

तुझा काका,
बळवंत

*

भटवाडी, घाटकोपर
१७ नोव्हेंबर १९८५

ती. काकांस,

'माझं मत गेलं तर जाऊ दे' हे वाक्य मी आईला वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, ''त्यांचं तसंच आहे,'' आणि पुढची भाकरी जरा जास्तच जोरात थापली.

मी जाऊ देणार नाही. संपात गिरणी गेली, खोली गेली. तुम्ही मुंबई सोडलीत त्या दिवशी परळच्या एस.टी. स्टँडवर तुमच्या हातात एक वळकटी होती आणि बाकी काही नव्हतं. आता या शहरात 'बळवंत' हे नाव मंडळाच्या यादीत तेवढं उरलं आहे. तेही खोडलं तर मला नाही चालणार. हे कायद्याचं बोलत नाही, माझं बोलते आहे.

कायद्याचं असं आहे. कलम नऊप्रमाणे घटनेच्या अर्थावर वाद झाला तर तीन पंचांनी निकाल द्यायचा, आणि तो सगळ्यांना बांधील. तिघांपैकी दोघे वारले. त्यांच्या जागी कोणाला नेमायचं हे वीस वर्षं कोणाच्या लक्षातच आलं नाही! म्हणजे आंबेखोल ग्रामस्थ मंडळाचं सर्वोच्च न्यायालय सध्या तुमच्या ओटीवर सुपारी कातरत बसलं आहे. तुम्ही लिहून द्या की 'घरटी एक मत' हा पाया आहे आणि तो बहुमतानेही हलत नाही. आणि त्यात हेही लिहा की पन्नास सालापासून कलम दोनला कोणी हात लावलेला नाही. मृणालिनीबाई म्हणतात, जुनी गोष्ट जितकी अखंड, तितकी तिची बाजू भक्कम.

घटनेची मूळ वही भांड्यांखालच्या पत्र्याच्या पेटीत आहे ना? कुलूप काढून बघते.

तुमची सुनंदा

*

आंबेखोल
३० नोव्हेंबर १९८५

चि. सुनंदास,

आशीर्वाद. घाईत लिहितो, टपालवाला दारात उभा आहे.

कलम दोन पन्नास साली लिहिलं तसंच आहे. एक अक्षर बदललेलं नाही. पेटी उघडू नकोस. कुलूप गंजलं असेल, पत्रा हाताला लागेल.

वहिनीच्या गुडघ्यांना निरगुडीचा पाला पाठवतो.

काका

*

भटवाडी, घाटकोपर
२२ डिसेंबर १९८५

काका,

पेटी उघडली. पत्रा लागला नाही.

वहीला झुरळं लागली होती. तुम्ही लोकांनी घटनादुरुस्ती करायची झाली की नवं कलम कागदाच्या पट्टीवर लिहून जुन्यावर चिकटवायचं अशी रीत ठेवली होती. चिकटवायला काय, तर घरी शिजवलेली मैद्याची खळ. झुरळांना दिवाळीच. वहीत चार पट्ट्या आहेत. तीन अजून चिकटून आहेत. कलम दोनवरची एका कोपऱ्याला लोंबत होती. हात लावला तर सुटून माझ्या मांडीवर पडली.

पट्टीवर लिहिलं आहे, 'घरटी एक मत. ते घरातल्या कर्त्या पुरुषाने द्यावे. दुरुस्ती, २६-१-५९.' पट्टीखाली शाई अजून काळीभोर आहे. तिथे लिहिलं आहे, 'घरटी एक मत. ते घरातल्या कर्त्या माणसाने द्यावे. मग तो पुरुष असो वा स्त्री, भेद करू नये.'

दोन्ही अक्षर तुमचं. पाटीवर ज्या अक्षराने मला 'सुनंदा' गिरवायला दिलंत, तेच.

लहानपणापासून आई सभेच्या दिवशी मागच्या बाजूला भांडी घासत बसते. मी कधी विचारलंच नाही. वाटायचं, रीतच आहे, पहिल्यापासून असेल. बाबा गेले तेव्हापासून या घराची कर्ती तीच आहे. खानावळीचे डबे करून तिने मला वाढवलं, आणि मंडळाच्या वहीत या घराला मत नाही. ते तुम्ही काढून घेतलंत? आणि तीन आठवड्यांमागे मला लिहिलंत, एक अक्षर बदललेलं नाही?

वही मी आईपुढे ठेवली. तिने पदराने पुसली, सुटलेली पट्टी आत ठेवली आणि म्हणाली, ''बोरिक पावडर टाकायला हवी.'' मी ओरडले तिच्यावर. तेव्हा एवढंच म्हणाली, ''तुझा काका वाईट नाही. घाबरट आहे.'' आणि डबे भरायला उठली.

मी तुमची बाजू घेऊन घाटकोपरभर भांडत होते, काका. मला फार वाईट वाटलं आहे.

सुनंदा

*

आंबेखोल
८ जानेवारी १९८६

चि. सुनंदास,

वहिनी म्हणाली ते खरं आहे. घाबरटच. तुझं पत्र येऊनही दहा दिवस पेन उचललं नाही, यावरून काय ते समज.

सगळं सांगतो. अठ्ठावन्नची सव्वीस जानेवारी. दादाला, म्हणजे तुझ्या बाबांना जाऊन चार महिने झाले होते आणि तू सहा महिन्यांची होतीस. त्या वर्षी धोंडिरामच्या शकूचं लग्न वेसाव्याच्या एका मासेमाराच्या मुलाशी ठरलं होतं. जातीबाहेर दिली म्हणून मंडळाची भांडी त्या लग्नाला द्यायची नाहीत, असं काहींचं म्हणणं. सभेत हात मोजले. द्यायची म्हणणारे सोळा, नको म्हणणारे सोळा. तेवढ्यात मागून वहिनी उठली. तू तिच्या डाव्या खांद्यावर झोपली होतीस. तिने उजवा हात वर केला.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चिटणीस होतो, पंचही होतो. घटना माझ्या तोंडपाठ होती. पुरुष असो वा स्त्री, असं मीच लिहिलं होतं. बावीस वर्षांचा होतो, वर्तमानपत्रात देशाच्या घटनेबद्दल वाचून अंगात वारं भरलं होतं. पण लिहिताना वाटलं नव्हतं की कोणी बाई खरोखर उठेल. मी सतरा मोजले. शकूच्या लग्नात आपल्याच टोपांत भात शिजला.

त्यानंतर वर्षभर आमच्या माणसांनी मला सुखाने जेवू दिलं नाही. ''बायलमाणसाच्या हातार मंडळ चालतला काय?'' हे खोलीत, हे खात्यात, हेच चहाच्या गाडीवर. पुढच्या सव्वीस जानेवारीला त्यांनी दुरुस्ती आणली. वहिनी धरून पाच घरं विधवांची होती. त्या पाचही जणींना त्या दिवशी स्वयंपाकाला मागे बसवलं. आत पुरुषांनी हात वर केले, आणि दोन तृतीयांश झाले. मी पंच होतो. 'ज्यांचं मत काढताय त्यांना आधी आत बोलवा' एवढं एक वाक्य म्हणायचं होतं. माझ्याने म्हणवलं नाही. बहुमत आहे, मी एकटा कोण, असं मनाला सांगितलं, आणि चांगलं अक्षर म्हणून पट्टी लिहायला मलाच दिली तीही लिहिली. खळ वहिनीच्याच चुलीवर शिजली. कशासाठी म्हणून तिने विचारलं, तेव्हा मी पतंगासाठी म्हणालो.

मग मनाला लागलं म्हणून मंडळाची भांडी सांभाळायचा मान तुमच्या घराला द्यावा, असं मी सुचवलं. मला तो मान वाटला. तिला सत्तावीस वर्षं टोप घासावे लागले, हे मला आज तुझं पत्र वाचताना सुचतंय.

आता निकालाचं. सोबतचा कागद जयवंतला दे. त्यात लिहिलं आहे की एकोणसाठची दुरुस्ती रद्द, कारण जिच्या हातातून मत काढायचं तिला दाराबाहेर ठेवून बहुमत मोजता येत नाही. ही चूक तेव्हाच्या पंचाची होती आणि तो पंच मीच, हेही त्यात आहे. कर्ती बाई असेल त्या घराचं मत या सभेपासून सुरू.

जयवंतच्या ठरावावर मात्र मी काही निकाल दिलेला नाही. तू रागावशील. पण त्यात माझंच मत जातंय. स्वतःच्या खटल्यात स्वतः न्याय द्यायला मी बसणार नाही. गावी आलेल्या पंधराही घरांनी या एका ठरावावर हात वर करू नये, असं ठरवून दिलं आहे. मीही सभेला येत नाही. समोर दिसलो तर माणसं ठराव सोडून माझ्या तोंडाकडे बघतील. ज्यांना मत आहे ते ठरवतील ते मला मान्य.

वहिनीला मला वेगळं लिहायला जमलं नाही. तिला हेच वाचून दाखव. माझं नाव त्या यादीत राहावं असं मला फार वाटतं गं, पहिल्या पत्रात लिहिलं ते खोटं होतं. पण ते आता तिच्या हातात आहे, आणि तो तिने माझ्याविरुद्ध वर केला तरी माझं काही म्हणणं नाही.

तुझा काका,
बळवंत

*

भटवाडी, घाटकोपर
२८ जानेवारी १९८६

भावोजी,

नमस्कार. सुनंदा म्हणाली मी लिहिते, तू सांग. मी म्हटलं, चौथीपर्यंत शिकले आहे, माझं मी लिहीन. चुका झाल्या तर पिठातले खडे समजून काढून टाका.

तुमचं पत्र तिने वाचून दाखवलं. अर्ध्यावर तीच रडायला लागली, मग उरलेलं मी वाचलं. पतंगाचं मला तेव्हाच कळलं होतं. जानेवारी संपत आल्यावर तुम्ही कसले पतंग उडवणार होतात?

सभा शाळेच्या हॉलमध्ये झाली. तुमचा कागद जयवंतनेच वाचला. वाचताना त्याचे कान लाल झाले, पण एकही शब्द गाळला नाही, हे त्याच्या बाजूने सांगते. मग म्हणाला, ''पंचांचा निकाल आहे. काकी, तुम्ही पुढे येऊन बसा.'' मी आणि शेवंती आणि दुसऱ्या तिघी, पाच जणी सतरंजीवर पुढे बसलो. एकोणसाठच्या पाचांपैकी आम्ही दोघीच उरलो आहोत. बाकीच्या तिघी नंतरच्या. शेवंतीच्या हातांना अजून कांद्याचा वास येत होता.

आता ठरावाचं. तुमचं आणि चौदा घरांचं मत बंद करायचं, कोणाची संमती आहे, हात वर करा, असं म्हणाला. खरं सांगते, माझ्या हाताला खाज सुटली. वाटलं, करावा वर. यांनाही कळू दे मागे बसल्यावर आतलं काय ऐकू येतं ते. इतक्या वर्षांत मी तुमच्यावर एक दिवस रागावले नाही, असं कोणाला वाटत असेल तर ते चूक आहे. मग तुमचे भाऊ गेले त्या महिन्याची आठवण झाली. पाळीवरून आलात की तुम्ही सुनंदाला खांद्यावर घेऊन गॅलरीत फिरायचात, मला दोन तास झोप मिळावी म्हणून. तुम्हाला स्वतःला झोप नसायची. तो माणूसही तुम्हीच. मी हात मांडीवर ठेवला.

मोजणी एकोणीसवर थांबली. आम्ही एकोणतीस जण होतो, दोन तृतीयांशला वीस लागत होते. जयवंतने दोनदा मोजलं. नंतर म्हणाला, विरुद्ध कोण. पाच पुरुष आणि आम्ही पाच. ठराव पडला. तुमचं नाव यादीत आहे. सुनंदा मागे भिंतीला टेकून नखं खात होती, तिने सगळ्यांसमोर येऊन मला मिठी मारली. वकील व्हायची म्हणते आणि अशी वागते.

सभेने लगेच दोन नवे पंच नेमले. एक शेवंती आहे. जयवंत म्हणाला, पुढच्या वर्षी पुन्हा ठराव आणीन. मी म्हटलं, आण, आम्ही असू.

मंडळाची भांडी काल त्याच्या घरी पाठवून दिली. टोप, हंडे, पराती, सगळी. चिटणिसाकडे असावीत हे बरं. घासायची कशी ते त्याला दाखवून आले आहे. घटनेची वही मात्र मी ठेवून घेतली. पेटीत बोरिक पावडर टाकली नाही. बाकीच्या तीन पट्ट्यांखाली काय आहे ते झुरळांना बघू दे.

पुढच्या सव्वीस जानेवारीला तुम्ही स्वतः या. पोस्टकार्डावरून हात दिसत नाही. आणि एकट्याने ओटीवर बसून फार विचार करू नका, तुम्हाला सवय नाही.

एक सांगायचं राहिलं. विरुद्धचे हात मोजून झाले, सगळे खाली गेले, तरी माझा वरच होता. माझ्या ध्यानात आलं नाही. जयवंत म्हणाला, ''काकी, हात खाली करा, मोजून झालं.''

मी म्हटलं, ''रवांदे रे. अठ्ठावीस वर्सां खालीच होतो.''

अंजना